प्रश्न विचार आणि गप्प बस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा निरोप रात्री पावणेदोनला आला. मी तो साडेपाचला दूध तापत ठेवून वाचायला घेतला आणि दूध उतू गेलं. एवढं लांबलचक माझ्या मुलीनेही मला कधी लिहिलेलं नाही. फोनवर टाइप करायला माझी बोटं कुरकुरतात, म्हणून कागदावर लिहितेय. पुतणी फोटो काढून पाठवील.

तर कॉलेजने तुला आरोग्यदूत केलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण, छातीवर बिल्ला, पेनड्राइव्हमध्ये स्लाइडी, आणि सत्र संपायच्या आत दोनशे मुलांपर्यंत पोचायचं. त्यातला पहिलाच, तुझा रूममेट, हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून पडला. दिवाळीपासून तो वर्गात येत नाही, मेसला जात नाही, पहाटे चारपर्यंत जागा असतो. तू त्याला सगळे मुद्दे सांगितलेस. आणि आता तुला दोन काळज्या: आपण कमी पडलो का, आणि स्वतः मध्यरात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडूचा तळलेला कंद खाणाऱ्याने कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसरी काळजी सोडून दे. सराफा इंदुरात राहून टाळायचा असेल तर उज्जैनला बदली करून घे. एका वर्षी माझ्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी पोहे-जलेबीवर लाल फुली मारलेलं पोस्टर केलं होतं. इंदुरात, पोह्यांवर फुली! गेटजवळच्या पोहेवाल्याने ते मागून घेतलं आणि वाफेच्या भगुन्यामागे आठवडाभर लावून ठेवलं. त्याच्याकडे गर्दी वाढली.

पहिली काळजी खरी आहे. तुझा निरोप मी तीनदा वाचला. त्यात झोपेचे तास आहेत, मोबाईलचा उजेड आहे, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आहे, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आहे. सगळं बरोबर, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांसकट. फक्त तुझा रूममेट त्यात एकदाही बोललेला नाही. एक वाक्य नाही त्याचं. ‘त्याने हेडफोन लावले’ एवढीच त्याची भूमिका.

प्रश्न विचार आणि गप्प बस. मला जे काही येतं ते एवढंच आहे रे, आणि ते फार उशिरा आलं.

माझा धाकटा भाऊ गुटखा खायचा. मी घरातली शिकलेली, त्यात प्राध्यापक, त्यात एनएसएसची कार्यक्रम अधिकारी. राखीला, भाऊबीजेला, आईच्या वर्षश्राद्धाला, जेव्हा भेटेल तेव्हा मी त्याला ऐकवायची. वर्तमानपत्रातली कात्रणं द्यायची. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सगळ्यात आधी, तेव्हा मी त्याला फोन करून ‘आता तरी’ म्हटलं. तो ‘हो ताई’ म्हणाला. त्यानंतर माझ्यासमोर त्याने कधी पुडी काढली नाही. मला वाटलं, सुटलं.

मग एका भाऊबीजेला त्याने करंजी तोडून तोडून, चिमटीत धरून ओठांतून आत सरकवली. लाडू तर बाजूलाच ठेवला. पुरणही तिखट लागतंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. त्यांनी सांगितलं, स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा. माणसाची तीन बोटं सहज जातात. त्याचं एक गेलं, दुसरं अडकलं. सुपारीने गालाची आतली कातडी दोरखंडासारखी घट्ट होते, तोंड उघडेनासं होतं, पुढे त्याचा कर्करोगही होऊ शकतो. हे सगळं मला पाठ होतं. मी पोरांना शिकवायचे!

डॉक्टर तरुण होते, तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे असतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, “दिवसातली पहिली पुडी केव्हा लागते?” आणि थांबले. नुसते थांबले, पेन खाली ठेवून. माझ्या तोंडात उत्तर आलं होतं, मी ओठ मिटून धरले. बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाला, “दुकानाचं शटर उघडलं की. उधारीवाले येतात ना सकाळी.” बंदीनंतर तो पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा वेगळ्या घेऊन तळहातावर एकत्र करायचा. दुकान बुडत होतं. बारा वर्षं मी त्याला कर्करोगाबद्दल सांगत होते आणि तो उधारीला घाबरत होता. माझ्या भाषणांनी त्याला एकच गोष्ट शिकवली: ताईसमोर खायचं नाही.

म्हणून सांगते, प्रश्न विचार आणि गप्प बस.

हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून करून दाखवायला लावते. पुढे माझ्या प्रशिक्षणात मी स्लाइडी काढून टाकल्या. दोघंदोघं समोरासमोर बसवायची. एकाने विचारायचं, ‘सध्या झोप कशी लागते?’ आणि मग तीन मिनिटं सल्ला द्यायचा नाही. ‘अजून सांग’ चालेल, मान हलवलेली चालेल. ‘तू ना, असं कर’ आलं की बाद. मी घड्याळ घेऊन फिरायची. पहिल्या दिवशी बहुतेक सगळे अर्ध्या मिनिटात बाद. हुशार पोरं सगळ्यात आधी. एक मुलगी धारची होती, वर्गात तोंड न उघडणारी. ती शांतता सहन व्हावी म्हणून पंख्याचे फेरे मोजायची. तिच्यासमोरच्या मुलाने दुसऱ्या मिनिटाला सांगितलं की त्याला रात्री झोप येत नाही कारण घरून पैसे यायचे थांबलेत आणि तो एकच वेळ जेवतोय. आम्ही त्याच मुलाला मागच्या महिन्यात संतुलित आहाराचा तक्ता दिला होता. चार रंगांत छापलेला.

आमच्या वरिष्ठांना हे पटलं नाही. अहवालात काय लिहायचं? ‘नव्वद विद्यार्थी तीन मिनिटं गप्प बसले’? त्यांना फेरी हवी होती, बॅनर हवा होता, राजवाड्यासमोर फोटो हवा होता. मी म्हटलं, फोटोत कुणाचं रक्त वाढत नाही. तसं म्हणायला नको होतं, मान्य. पुढच्या वर्षी काम माझ्याकडून काढून दुसऱ्यांना दिलं. फेरी निघाली, झकास निघाली, टोप्या वाटल्या. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण वाटलं. अजून वाटतं. आणि तरी सांगते, मी बरोबर होते. हट्टी होते म्हणतात ना, असू दे. तो डॉक्टर भेटण्याआधी मीच भर प्रांगणात वजनकाटा मांडून मुलींची वजनं मोठ्याने वाचली आहेत, समोरचीला लिहून घेता यावं म्हणून. त्या दिवशी किती जणींनी रात्रीचं जेवण सोडलं असेल ते मी विचारलं नाही. तेव्हा हट्ट उगाच आलेला नाही.

आता तुझा रूममेट. बिल्ला काढून ठेव, त्याच्याशी बोलताना तरी. खोलीत समोरासमोर बसवू नकोस, ते चौकशीसारखं होतं. सराफ्यात ने. हो, तोच तुझा सराफा! खायला घाल आणि परतताना लगेच रिक्षा करू नका, चालवेल तेवढं चाला. शेजारीशेजारी चालताना माणूस बोलतो, डोळ्यांत बघावं लागत नाही ना. विचार, ‘दिवाळीला घरी काय झालं?’ आणि गप्प बस. तो ‘कुछ नहीं भिया’ म्हणेल. गप्प बस. दहापर्यंत मोज, वीसपर्यंत मोज, विजेचे खांब मोज. काही बोललाच नाही तरी बिघडत नाही, परवा पुन्हा जा.

एक गोष्ट मात्र गप्प बसण्यात येत नाही. जगायचं नाही अशा अर्थाचं तो काही बोलला, किंवा तुला नुसती शंका आली, तर स्पष्ट विचार: ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, ती खुळी समजूत आहे. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, १४४१६ ला फोन लावायचा, तो टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, रात्रीही चालतो. वॉर्डनला उठवायचं, घरच्यांना कळवायचं. ‘कुणाला सांगू नको’ असं वचन त्याला आधी देऊन बसू नकोस. तू डॉक्टर नाहीस. तुझं काम त्याला दारापर्यंत नेण्याचं, आणि तो आत असेपर्यंत बाहेर बाकावर बसण्याचं.

दोनशेचं काय करायचं म्हणतोस. रजिस्टरमध्ये एक लिही. विचारलं तर माझं नाव सांग, माझं आता कोण काय काढून घेणार आहे?

किती लिहिलं बघ मी. आणि सकाळपासून एक गोष्ट डोक्यात आहे ती राहूनच गेली. रूममेट चारपर्यंत जागा असतो हे तुला कसं कळतं? पावणेदोनला तू काय करत होतास?

उत्तर लिहू नकोस. गुरुवारी सकाळी घरी ये, पोहे टाकते. वर भुरभुरायला जिरावन मसाला आहे, सेव संपलीय. येताना लवंगाची सेव आण, पाव किलो पुरे.

तुझी,
मॅडम