पीडियाट्रिक्स रेसिडेन्सीला निवडताना काय बघतात

अगं, रेसिडेन्सीला, म्हणजे बालरोगाच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला, अर्ज करतेयस ना, तर आधी घाबरणं सोड. अमेरिकेत स्टेप १ चा, म्हणजे डॉक्टरी परवान्याच्या पहिल्या परीक्षेचा, आकडा आता कुणी मोजत नाही. २०२२ पासून तिथे फक्त पास की नापास. सगळा भार पुढच्या परीक्षेवर, स्टेप २ सीकेवर, आलाय. पण तो स्कोअरही चाळणीपुरताच.

खरा खेळ शिफारसपत्रांचा. एका प्रोग्रॅमला, म्हणजे एका ठिकाणच्या रेसिडेन्सीला, जास्तीत जास्त चार पाठवता येतात. 'हुशार, मेहनती' असली पत्रं आम्ही निवड करणारे न थांबता भराभर बाजूला सारतो. एका पत्रात होतं: पोरगं स्टेथोस्कोप लावू देईना, तर हिने आधी त्याच्या खेळण्यातल्या अस्वलाची छाती तपासली. लगेच मुलाखतीला बोलावलं तिला! म्हणून मोठ्या नावामागे धावू नकोस. तुला पोरांशी, आईबापांशी बोलताना ज्यांनी पाहिलंय त्यांच्याकडून पत्र घे.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निबंधात, 'मला लहान मुलं आवडतात' नको. सगळेच तेच लिहितात.

मुलाखतीच्या वेळी रेसिडेंटांशी गप्पा होतात, तिथेही भान ठेव. त्यांचं मत आम्ही विचारतो. आणि रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅमांची पसंतीक्रमाची यादी, स्वतःच्या खऱ्या पसंतीनेच लाव. कोण आपल्याला घेईल याचे आडाखे बांधून क्रम फिरवलास तर नुकसान तुझंच, कारण मॅचचं, म्हणजे दोन्हीकडच्या याद्या जुळवून जागा देण्याचं, गणित अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होतं.