उबुंटू १८.०४ वर व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) उघडत नाही, 'जीलिबसी २.२८ नॉट फाउंड' असं येतं. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. ती जीलिबसी वेगळी डाउनलोड करून टाकली तर चालेल का?

नाही हो, ते तेवढं करू नका. जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी, लिबसी म्हणतात तीच, ती सुटी बदलायची गोष्ट नाही. मी केलेलं आहे म्हणून सांगतोय.

आमच्याकडे इंदूरला रामबागेत काकांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर हेच १८.०४ होतं आणि मला अगदी हाच एरर आला होता. मी शहाणपणा केला, नव्या उबुंटूच्या पॅकेजमधून लिबसीची फाइल काढली, जुनीच्या जागी लिंक केली, आणि पुढच्या क्षणी एलएस चालेना, सीपी चालेना, सुडोसुद्धा नाही, कारण लिनक्सवरची जवळजवळ प्रत्येक कमांड तीच लायब्ररी वापरते आणि तिला उचलून देणारा लोडर मात्र जुनाच राहिला होता. बाहेर गिऱ्हाईक बसलेलं, काका माझ्याकडे बघतायत. शेवटी पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालू केलं, ती लिंक परत २.२७ च्या फाइलकडे वळवली तेव्हा कुठे मशीन उठलं.

तर तुमचं मशीन बिघडलेलं नाहीये. १८.०४ मध्ये जीलिबसी २.२७ आहे (टर्मिनलमध्ये 'एलडीडी --व्हर्जन' टाकून बघा), आणि व्हीएस कोडला १.८६ पासून, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीपासून, किमान २.२८ लागते. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १८ चंही तेच. जुना प्रोग्राम नव्या जीलिबसीवर चालतो, उलटं होत नाही. एपीटी अपग्रेड (पॅकेज अपडेट करायची कमांड) कितीही वेळा मारा, त्याच आवृत्तीत राहून २.२७ ची २.२८ होणार नाही. उबुंटू प्रो, म्हणजे उबुंटूची वाढीव सपोर्टची योजना, घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, घ्यायला हरकत नाही, पण त्यातून फक्त सिक्युरिटीचे पॅच येतात, हा एरर तसाच राहतो.

आज काम अडलं असेल तर व्हीएस कोड १.८५ ची डेब फाइल (उबुंटूवर इन्स्टॉल करायचं पॅकेज) टाका आणि टर्मिनलमध्ये 'सुडो एपीटी-मार्क होल्ड कोड' टाकून त्याचं अपडेट थांबवा, नाहीतर पुढच्या एपीटी अपग्रेडला पुन्हा तिथेच याल. नोड लागत असेल तर १६ वर राहा. हे अर्थात जुगाड आहे, काही महिने निघतील. अ‍ॅपइमेजने (एकाच फाइलमध्ये बांधलेल्या प्रोग्रामने) सुटेल असं कुणी सांगेल, पण ते बहुतेकदा जीलिबसी तुमच्या सिस्टिमचीच घेतं, त्यामुळे भरवसा नाही. फ्लॅटपॅक हा प्रोग्राम टाकायचा दुसरा प्रकार आपली लायब्ररी सोबत आणतो, फक्त डिस्कवर जागा भरपूर खातो.

खरं काम म्हणजे सिस्टिम बदलणं. १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्येच संपलाय, आणि डू-रिलीज-अपग्रेडने जायचं तर थेट उडी मारता येत नाही, आधी २०.०४ आणि मग २२.०४, त्यात बाहेरचे पीपीए (वेगळे जोडलेले पॅकेजचे स्रोत) असले की मध्येच अडकतं. त्यापेक्षा मी होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून नव्याने टाकीन, आणि ४ जीबी रॅम आहे म्हटल्यावर मिंटचं (उबुंटूवरच बेतलेल्या लिनक्सचं) हलकं, एक्सएफसीई डेस्कटॉपवालं घेईन. काकांच्या दुकानात शेवटी तेच टाकलं, मराठी फॉन्ट तेवढे परत बसवावे लागले. जमलं तर तुमच्या गावात जिथे मिळत असेल तिथून एखादी एसएसडी (वेगवान डिस्क) आणून लावा, रॅमपेक्षा तिचाच फरक जास्त जाणवला मला.

फॉरमॅट करायच्या आधी 'युनेम -एम' टाकून काय येतं ते कळवा. आय६८६ आलं तर सिस्टिम ३२ बिटची आहे, मग आधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते बघावं लागेल, कारण नवीन मिंट ३२ बिटवर बसतच नाही.