आधी मणी पाहा

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

सुदानातील केर्मा या प्राचीन नगराच्या निळ्या मण्याला ‘इजिप्शियन फायन्स’, म्हणजे इजिप्तच्या पद्धतीची झिलईदार वस्तू, म्हणावे की तिथल्याच कुश या प्राचीन संस्कृतीची स्वतःची निर्मिती, या प्रश्नावर तुझे पत्र चार पाने चालले आहे, आणि त्या चार पानांत मणी कुठेच नाही. कोणत्या अभ्यासकाचे काय मत आहे ते तू कळवलेस. भोकाची कड कशी आहे, झिलई कुठे उडाली आहे, ते मात्र नाही. आधी मणी पाहा.

फायन्सचा गाभा कुटलेल्या गारगोटीचा असतो, त्यामुळे फुटलेल्या जागी तो रवाळ दिसतो. केर्माचे कारागीर फायन्स तर करतच, पण अखंड गारगोटी घडवून तिच्यावरही तांब्याने निळसर-हिरवी झालेली झिलई चढवत. हे काम सोपे नव्हे. सुमारे ५७३ अंश सेल्सियसला गारगोटीच्या स्फटिकाची रचना बदलते, ती फुगते आणि तडकू शकते, आणि झिलई वितळायला तर त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. भट्टी तापवताना आणि निववताना ज्याने धीर धरला त्याचे काम समोर असताना तू तळटिपा चाळत बसलीस, याचा मला राग येतो.

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज रायझनर यांनी १९१३ ते १९१६ या काळात केर्मा येथे उत्खनन केले. तेथील एका प्रचंड थडग्यात हापजेफा या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या पुतळ्याचे अवशेष मिळाले, म्हणून हे इजिप्तचे ठाणे असावे असे त्यांनी मानले. पुढे केर्मा ही स्वतंत्र कुश राज्याची राजधानी होती हे सिद्ध झाले, आणि स्विस पुरातत्त्वज्ञ शार्ल बॉने यांच्या दीर्घ उत्खननाने ते नगरही उजेडात आणले. तरीही रायझनर यांच्या नोंदी आजही वापराव्या लागतात, कारण मत काहीही असो, वस्तू कोठे आणि कशा स्थितीत मिळाली ते त्यांनी लिहून ठेवले होते.

वर्णन पुरे झाल्याशिवाय मी कोणत्याही अहवालावर सही केली नाही. त्यापायी बढती गेली, काही स्नेही दुरावले, आणि त्या स्नेह्यांची खंत मला आजही आहे. पण २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले आणि खार्तूमचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले; तिथल्या वस्तू उद्या कुठल्या बाजारात निघाल्या, तर त्या ओळखायला कोणाचे मत उपयोगी पडणार आहे? लांबी, भोक, तडा, छायाचित्र, एवढेच. म्हणून म्हणतो, आधी मणी पाहा.

मार्गदर्शक नाराज होतील ही तुझी भीती मला समजते. ते रागावले तर त्यांच्यापुढे वर्णन ठेव, वाद घालू नकोस. बॉस्टनच्या संग्रहालयातील मण्याचे छायाचित्र मोठे करून फक्त दहा ओळी लिहून पाठव. त्यांत ‘इजिप्शियन’ हा शब्द आढळला, तर पत्र परत करीन.