परदेशातली इंटर्नशिप: बायलाईन (बातमीवर स्वतःचं नाव) मिळणार की नुसतं सर्टिफिकेट?

प्रश्न: ताई, मी जर्नलिझमच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीची जाहिरात बघितली, परदेशातल्या पेपरमध्ये किंवा रेडिओवर चार आठवड्यांची इंटर्नशिप, राहणं-जेवण सगळं ते बघणार पण फी आपण भरायची, आणि ती बरीच आहे. शेवटी सर्टिफिकेट देतात. घरचे म्हणतात फसवतायत, मैत्रीण म्हणते सीव्हीला वजन येतं. काय करू?

उत्तर: फसवणूकच असेल असं नाही गं. अशा कंपन्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच खरोखर न्यूजरूममध्ये नेऊन बसवतात. पण तू नक्की काय विकत घेतेयस ते बघ. राहायची सोय, एअरपोर्टवर घ्यायला येणारा माणूस, आणि एका ऑफिसातली एक खुर्ची. त्या खुर्चीवर बसून तुला काम मिळणार की नाही हे कंपनी ठरवत नाही, तिथला एडिटर ठरवतो, आणि त्या एडिटरने तुला निवडलेलंच नाही, तू त्याच्याकडे पाठवली गेलीयेस. चांगला माणूस असला तर पहिल्या दिवशी बातमी आणायला बाहेर पिटाळेल, नसला तर चार आठवडे तू प्रेस नोटा टाईप करशील आणि संध्याकाळी फोटो टाकशील.

म्हणून पैसे भरायच्या आधी त्यांना एक मेल टाक. त्यात विचार की याच न्यूजरूममध्ये आधी गेलेल्या इंटर्न्सच्या छापून आलेल्या बातम्यांच्या लिंक्स पाठवा, सोबत नाव असलेल्या. माझ्यावर देखरेख कोण ठेवणार, त्याचं पद काय. फीपैकी न्यूजरूमला किती जातं. व्हिसा कुठल्या प्रकारचा काढायचा. आणि तो पेपर निघतो कुठल्या भाषेत, कारण ऐनवेळी कळतं की ऑफिसात इंग्रजी चालते पण पेपर भलत्याच भाषेत निघतो, मग तू लिहिणार काय. लिंक्स आल्या तर वाच, दमदार वाटल्या तर पुढचा विचार कर. लिंक्सच्या जागी हसऱ्या मुलांचा ग्रुप फोटो आला तर उत्तर मिळालं.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर कुठलाही एडिटर ते मागत नाही, तो मागतो क्लिप्स, म्हणजे तुझ्या छापून आलेल्या बातम्या. आणि चार आठवडे म्हणजे काय, पहिला आठवडा लॉगिन मिळण्यात आणि कोण कुठे बसतं ते कळण्यात जातो, दुसऱ्यात तू कुणाच्या तरी मागे फिरतेस, तिसऱ्यात कुठे एखादा विषय हाताला लागतो आणि चौथ्यात निरोप समारंभ. दोन-तीन महिने मिळत असतील तर गोष्ट वेगळी. मोठ्या न्यूज एजन्सी आणि मोठे पेपर यांच्या स्वतःच्या इंटर्नशिप असतात, चुरस भयंकर, पण ते तुझ्याकडून फी घेत नाहीत. या धंद्यात पैसा न्यूजरूमकडून तुझ्याकडे यायला हवा, फार तर येणार नाही, पण उलटा वाहायला लागला की सावध व्हायचं.

आणि नावाच्या मागे फार लागू नकोस. मोठ्या नावाच्या ऑफिसात महिनाभर कुणाची तरी ट्रान्सक्रिप्ट्स काढण्यापेक्षा छोट्या शहरातल्या पेपरात नगरपालिकेच्या मीटिंगला बसून स्वतःच्या नावाने सहा बातम्या केलेल्या बऱ्या, हे माझं स्पष्ट मत आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल भांडावं.

प्रश्न: मॅडम, एका परदेशी वेबसाईटने बिनपगारी इंटर्नशिप द्यायचं कबूल केलंय. ते म्हणाले पगार नाही म्हणजे काम नाही, टुरिस्ट व्हिसावर या. चालेल का?

उत्तर: नाही. पगार नाही म्हणजे काम नाही असं बहुतेक देशांचं इमिग्रेशन खातं मानत नाही. विमानतळावर ऑफिसरने विचारलं काय करायला आलात आणि तुम्ही खरं सांगितलं तर परत पाठवतील, खोटं सांगितलं तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ते नडेल. आणि पत्रकाराने पहिल्याच दिवशी सरकारशी खोटं बोलून कामाला लागायचं, हे मला तरी पटत नाही.

प्रत्येक देशाचा प्रकार वेगळा आहे. अमेरिकेत इंटर्नसाठी जे-१ व्हिसा असतो, त्यासाठी आधी मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्थेकडून डीएस-२०१९ नावाचा फॉर्म मिळवावा लागतो, तुम्ही अमेरिकेबाहेर कॉलेजात शिकत असायला हवं किंवा पास होऊन १२ महिन्यांच्या आत असायला हवं, आणि इंटर्नशिप जास्तीत जास्त १२ महिन्यांची. तिथलाच आय व्हिसा परदेशी मीडियाच्या प्रतिनिधींसाठी असतो, म्हणजे तुमच्याकडचा पेपर तुम्हाला तिथे बातमीदारीला पाठवतो तेव्हाचा, अमेरिकन पेपरात इंटर्न व्हायला तो उपयोगाचा नाही, लोक हे दोन नेहमी एकत्र करतात. फ्रान्समध्ये तर तुम्ही, तुमचं कॉलेज आणि ती संस्था अशा तिघांच्या सह्यांचा करार लागतो, कॉलेज नसेल तर तो करारच होत नाही, आणि इंटर्नशिप दोन महिन्यांच्या पुढे गेली की ठरलेला भत्ता द्यावाच लागतो. म्हणून शिकत असतानाच जा असं मी म्हणते, पास झाल्यावर अर्धी दारं आपोआप बंद होतात.

ब्रिटनमध्ये शिकायला जायचा विचार असेल तर अजून एक. तिथल्या स्टुडंट व्हिसावर ठरलेल्या तासांपुरती नोकरी चालते पण स्वतःचा व्यवसाय चालत नाही, आणि फ्रीलान्स बातम्या लिहून बिलं पाठवणं हे त्याच खात्यात येतं. भल्याभल्यांना माहीत नसतं. नियम मात्र बदलत असतात, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साईटवरच बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर नको.

प्रश्न: बातमी लिहायची ती कुठेही लिहायची. मग परदेशात जाऊन वेगळं असं काय शिकायला मिळतं? खरंच विचारतोय, टोमणा नाही.

उत्तर: टोमणा असता तरी चालला असता, प्रश्न चांगलाय. लिहिणं खरंच कुठेही शिकता येतं. बाहेर गेल्यावर कळतं ते हे की आपण जे नियम जगाचे समजत होतो ते फक्त आपल्या ऑफिसचे होते.

इंग्लंडचंच घ्या. एखाद्याला अटक झाली की १९८१ च्या कोर्ट अवमान कायद्याप्रमाणे ती केस 'ॲक्टिव्ह' होते, मग आरोपीला आधी शिक्षा झालेली होती हे खरं असलं आणि तुम्हाला पक्कं माहीत असलं तरी छापायचं नाही, कारण दोषी की निर्दोष हे ठरवणारी ज्युरीतली साधी माणसं पेपर वाचतात. आता बाहेरून आलेला इंटर्न उत्साहाने दुसऱ्या परिच्छेदात लिहितो 'हा सराईत गुन्हेगार', आणि सबएडिटर खुर्चीतून उठतो. त्याच कायद्यात आहे की परवानगीशिवाय कोर्टात रेकॉर्डिंग करायचं नाही, मोबाईल काय आणि रेकॉर्डर काय. मग रिपोर्टर करतात काय, तर शॉर्टहँड! तिथल्या पत्रकार प्रशिक्षण मंडळाची शॉर्टहँडची १०० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा आजही आहे, बरेचजण टीलाइन पद्धत शिकतात. इथे आपण समजून चाललोय की शॉर्टहँड टाईपरायटरबरोबर गेलं.

जर्मनीत गेलात तर उलटाच धक्का, साध्या गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचं पूर्ण नाव सहसा दिसतच नाही, पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर. स्वीडनमध्ये १७६६ पासून सरकारी कागद लोकांना बघता येतात, तिथे अधिकाऱ्याने पाठवलेला सरकारी ईमेल वाचायला मागणं हे रोजचं काम आहे, त्यात शौर्य वगैरे काही नाही. असा ईमेल एकदा स्वतः मागून बघितलात, हातात आला, त्यावरून चार ओळींची का होईना बातमी केलीत, की परत आल्यावर माहिती मागायची भीती राहत नाही. माझ्या मते खरी कमाई ती.

प्रश्न: माझं वय ३१, सहा वर्षं नोकरी झाली. इंटर्नशिपला आता कोण घेणार?

उत्तर: इंटर्नशिप तुमच्यासाठी नाहीच, तुम्ही फेलोशिप बघा. अमेरिकेतली आल्फ्रेड फ्रेंडली प्रेस पार्टनर्स ही १९८३ पासूनची, विकसनशील देशांतल्या पत्रकारांना तिथल्या न्यूजरूममध्ये काही महिने प्रत्यक्ष कामाला लावायचं ही तिची पद्धत. दाग हॅमरशोल्ड फंडची फेलोशिप २५ ते ३५ वयाच्या पत्रकारांसाठी, संयुक्त राष्ट्रांची आमसभा न्यूयॉर्कमध्ये राहून कव्हर करायची. ऑक्सफर्डमधल्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटला किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो पण तिथे बातमीदारी नाही, एखादा विषय घेऊन अभ्यास करायचा, डेस्कवरून उठून जरा डोकं मोकळं करायला उत्तम. कुठली फेलोशिप यंदा चालू आहे, तारीख काय, हे त्यांच्या साईटवर बघा, आणि रजेला हरकत नाही असं ऑफिसचं पत्र आत्ताच मागून ठेवा कारण बहुतेक ठिकाणी तेच शेवटपर्यंत अडतं.

संयुक्त राष्ट्रांची स्वतःची इंटर्नशिप पण लोक सुचवतील. ती बिनपगारी असते, विद्यार्थ्यांसाठी किंवा नुकत्याच पास झालेल्यांसाठी असते, आणि खरं सांगायचं तर ते संस्थेच्या बाजूने लिहिणं आहे.

प्रश्न: ताई, मी परदेशातल्या एडिटर्सना मेलवर मेल टाकतेय, कुणी उत्तरच देत नाही. माझं इंग्रजी पण फार भारी नाहीये. त्यामुळे असेल का?

उत्तर: तुझा पाठवलेला मेल वाचला. व्याकरणाच्या दोन चुका आहेत, त्यांनी काही बिघडत नाही. बिघडतंय ते 'मला लहानपणापासून पत्रकारितेची आवड आहे आणि आपल्या नामांकित संस्थेत शिकायची संधी मिळावी' याने. हे वाक्य त्या एडिटरकडे रोज येतं, आणि संस्थेचं नाव बदलून सगळीकडे गेलंय हे त्याला कळतं.

त्याऐवजी आधी आठवडाभर तो पेपर वाच. समजा दिसलं की गावातल्या लायब्ररीची संध्याकाळची वेळ कमी केलीय, बातमी आलीय पण त्यात फक्त नगरपालिकेचं म्हणणं आहे. मग मेल असा कर: तुमची मंगळवारची लायब्ररीची बातमी वाचली, बाहेरून आलेल्या ज्या नर्सेस रात्रपाळी करतात त्यांची मुलं संध्याकाळी तिथेच बसायची असं त्यांच्या ग्रुपवर दिसतंय, त्यातल्या दोघींशी बोलणं झालंय, त्या बोलायला तयार आहेत, मी अमुक ते अमुक महिने येऊ शकते, कॉलेज इंटर्नशिपच्या करारावर सही करेल, खाली तीन लिंक्स. संपलं. पाच-सहा ओळी, वर आवडनिवड नाही, खाली सुविचार नाही. आणि त्या दोघींशी खरंच बोललेली असशील तरच हे लिही, कारण तो पहिला फोन करून त्यांचे नंबर मागेल.

इंग्रजीचं म्हणशील तर बातमीला लागणारं इंग्रजी साधंच असतं, छोटी वाक्यं, कोण काय म्हणालं, कधी. तुला येणारी आपली भाषा तिथल्या न्यूजरूममध्ये बहुतेक कुणालाच येत नसेल, तर ते मेलमध्ये वरच लिही, शेवटच्या ओळीत छंदांच्या शेजारी नको. तुझ्या लिंक्स आपल्या भाषेतल्या असतील तर प्रत्येकीखाली दोन ओळी इंग्रजीत टाक, बातमी काय होती आणि ती छापल्यावर काय झालं. पूर्ण भाषांतर पाठवू नकोस, कुणी वाचत नाही.

आणि मेल एडिटर-इन-चीफला नको टाकूस, तो बघत पण नसतो. सिटी डेस्क किंवा न्यूज एडिटरचं नाव शोध. दहा दिवसांनी एकदाच आठवण कर, ती पण नवीन मुद्दा घेऊन, 'माझा मेल मिळाला का' असं नको. तरी उत्तर नाही आलं तर पुढचा पेपर. लायब्ररीची बातमी मात्र सोडू नकोस, दोघी बोलायला तयार आहेत ना, मग ती दुसऱ्या कुणाला तरी दे.