थंडीत चितळं काय खातात आणि धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) काय लावावं?

प्रश्न (देवलापार परिसर, ता. रामटेक): हरभरा वीतभर झाला की रात्री चितळं आणि रोही (नीलगाई) वावरात उतरतात. थंडीत त्यांना जंगलात काय मिळतं? तीच झाडं धुऱ्यावर लावली तर पीक वाचेल का?

उत्तर: भाऊ, शेवटचं आधी सांगतो. धुऱ्यावर बोर-आवळा लावू नका. फळं वेचायला आलेलं चितळ दहा पावलांवरचा ओला हरभरा सोडून माघारी जाणार नाही.

जंगलात थंडीतही त्यांचं पोट भरतं. पावसाळ्यात चितळ कोवळ्या गवतावर राहतं. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळून टोचायला लागलं की ते नाल्याकाठचं हिरवं गवत, झुडपांचा पाला आणि गळलेल्या फळांकडे वळतं. बोर, घोटबोर, आवळा, बेहडा ही त्या दिवसांतली फळं. वानरं झाडावर खातात थोडं, पाडतात फार. म्हणून त्यांच्याखाली चितळांचा कळप हमखास दिसतो. आवळा चितळ अख्खा गिळतं आणि रवंथ करताना बी टाकतं. कळप बसून उठला की ती जागा बघा, आवळ्याच्या बिया पडलेल्या दिसतील. जंगलात आवळा असाच पसरतो. सांबर पाल्यावर जास्त. रोह्याला गवत, पाला, बोरं सगळंच चालतं.

म्हणून कळकळीनं सांगतो, जंगलाकडेच्या बोरी कुंपणाच्या काट्यांसाठी सरसकट तोडू नका. जनावरांचा थंडीचा घास त्याच फांद्यांवर असतो. आवळे उतरवताना फांद्या छाटू नका, खाली पडलेले थोडे राहू द्या. रायमुनियाला (घाणेरी) चितळ सहसा तोंड लावत नाही आणि ती माजली की खालचं गवत मरतं. गावाच्या पडीक जमिनीतली तरी मुळासकट उपटा.

वावरात हरभऱ्याभोवती करडीच्या चार-पाच ओळी घ्या, पण हरभऱ्याच्या आधी पेरा. कोवळी करडी जनावरं खातात. काटे धरेपर्यंत जागल (रात्रीची राखण) करावीच लागेल. जंगलाला अगदी लागून असलेल्या पट्ट्यात जवस घ्या, त्याला जनावरांचा त्रास कमी.

कुंपणाच्या तारेत लाईनची वीज कधीही सोडू नका. त्यात माणसं मेली आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे. नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा, सातबारा घेऊन वनरक्षकाकडे अर्ज द्या, तलाठी आणि कृषी सहायकाला कळवा. पंचनामा होईपर्यंत खाल्लेलं पीक मोडू नका, खुरांचे ठसेही तसेच राहू द्या.