लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे, तरी मॉनिटरवर चित्र का येत नाही?

कारण टाइप-सी हा फक्त पोर्टचा आकार आहे. त्यातून काय जाणार, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. काही पोर्टमधून फक्त डेटा जातो, काहींतून चार्जिंगही होतं, आणि चित्र हवं असेल तर त्या पोर्टला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड', म्हणजे टाइप-सीमधून चित्र पाठवायची सोय, असावी लागते. थंडरबोल्ट ३ किंवा ४ (टाइप-सी आकाराच्याच पोर्टमधलं वेगवान तंत्रज्ञान) असेल तर चित्राची चिंताच नको: चित्र, सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत डेटा आणि बहुतेक वेळा चार्जिंगही, सगळं एकाच पोर्टमधून.

पोर्टशेजारी विजेचं चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, इंग्रजी डी-पीसारखं चिन्ह म्हणजे डिस्प्लेपोर्ट. पण बऱ्याच लॅपटॉपवर चिन्हच नसतं, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरची तपशीलवार माहिती वाचा. तिथे नुसतं 'यूएसबी ३.२ जेन १' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ५ गिगाबिटचा डेटा, एवढाच. चित्राबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पोर्ट ठीक असेल तर केबल तपासा, लोक नेमकं हेच विसरतात. फोनच्या चार्जरसोबत येणारी टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २.० ची, म्हणजे ४८० मेगाबिटची असते. तिच्यातून चित्र जात नाही.

ऑल्ट मोड नसेल तर सरळ एचडीएमआय वापरा. फक्त एचडीएमआय १.४ वर ४के चित्र ३० हर्ट्झलाच (सेकंदाला ३० वेळा बदलण्यावरच) अडकतं आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. ६० हर्ट्झसाठी २.० हवं.