हिरव्या रविवारांविषयी

प्रिय तरुण मित्रा,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

नाताळात आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मन भरून येते, बाकीचे वर्ष, म्हणजे वेदीवर हिरवा रंग असणारे साधे रविवार, मात्र कोरडे जाते, ही तुझी तक्रार वाचली. तिच्यात मला काळजीचे कारण दिसत नाही. परंतु उपासना वर्षाकडे, म्हणजे चर्चच्या वर्षभराच्या उपासनाक्रमाकडे, सणांची यादी म्हणून पाहण्याची सवय तू सोडावीस, असे वाटते. मनाला रुचेल तेवढीच प्रार्थना करणारा माणूस शेवटी स्वतःभोवतीच फिरत राहतो. उपासना वर्ष आपल्या मनःस्थितीची विचारपूस करत नाही. आपण मजेत असताना ते कपाळाला राख लावते आणि घरात दुःख असतानाही आलेलुया, म्हणजे देवाची स्तुती असो, म्हणायला लावते. हा न जुळणारा सूर सोसण्यातच बरीचशी वाढ असते.

आगमनकाळाविषयी, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांविषयी, थोडेच लिहितो. त्याच्या पहिल्या रविवारचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातले वाचन, त्याच्या जन्माच्या गोठ्याचे नसते, ते प्रभूच्या पुनरागमनाचे आणि जागे राहण्याचे असते. आपण मात्र डिसेंबर उजाडताच नाताळ साजरा करू लागतो आणि 25 तारखेला तो खऱ्या अर्थाने सुरू होतो, तेव्हा थकून गेलेले असतो.

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत, तू एकाच वेळी पाच-सहा संकल्प करतोस, असे दिसते. एकच कर. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, घरी नेलेली झावळी क्रूसामागे वाळून गेलेली असते. ती चर्चमध्ये परत येते, जाळली जाते आणि तीच राख हा काळ सुरू होतो त्या बुधवारी कपाळावर लागते. झावळी हाती धरून ज्यांनी ‘होसान्ना’ असा येशूचा जयजयकार केला, त्यांच्याच झावळीची ही राख आहे, एवढे ध्यानात धरलेस तरी पुरे. त्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 58 वा अध्याय वाचला जातो. भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हाच देवाला आवडणारा उपास, असे तो सांगतो. तेव्हा वाचवलेले पैसे कोणाच्या ताटात गेले, हे विचारल्याशिवाय उपास मोजू नकोस. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, हेही विसरू नकोस.

पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवर ठरतो, म्हणून अनेक वर्षी तो हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो. त्या आदल्या रात्री पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, चालू वर्षाचे चार आकडे आणि धूपाचे पाच दाणे बसवतात. ती पन्नास दिवस वेदीजवळ तेवते, नंतर बाप्तिस्मा आणि अंत्यविधी यांच्या वेळी पुन्हा पेटवली जाते. चाळीस दिवस उपास पाळणारे पुष्कळ भेटतात. पन्नास दिवस आनंद पाळणारा विरळा. ही साधना मला उपासाहून कठीण वाटते.

आता तू ज्याला कोरडे वर्ष म्हणतोस, त्या सामान्य काळाकडे वळतो. 33 किंवा 34 आठवडे, म्हणजे अर्ध्याहून अधिक वर्ष, वेदीवर हिरवा रंग असतो आणि आपल्याकडे त्याचा मोठा भाग पावसाळ्यात येतो. 1969 साली नव्याने मांडलेल्या वाचनक्रमानुसार मत्तय, मार्क आणि लूक यांची शुभवर्तमाने एकेका वर्षी क्रमाने वाचली जातात. मार्कच्या वर्षी ऐन पावसात सलग पाच रविवार योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील भाकरीविषयीचे वाचन चालते. तिसऱ्या रविवारी कंटाळा येतो, ‘पुन्हा तेच?’ असे मनात येते. पाचव्या रविवारी ऐकायला मिळते की त्या शिकवणीपायी बरेच शिष्य येशूला सोडून गेले आणि ‘तुम्हीही जाणार का?’ असे त्याने आपल्या निवडलेल्या बारा शिष्यांना विचारले. आधीचे चार रविवार चुकवणाऱ्याला त्या प्रश्नाची धार कळत नाही.

म्हणून त्या त्या वर्षीचे शुभवर्तमान घरी सबंध वाच, कारण रविवारी सगळेच वाचले जात नाही. बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट मार्कच्या आठव्या अध्यायात आहे, पण ती रविवारच्या वाचनात येत नाही. येशूने पहिल्यांदा स्पर्श केल्यावर त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली, स्पष्ट दिसायला दुसरा स्पर्श लागला. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाचे वाचन एकदा मोठ्याने वाच, न कळलेली ओळ वहीत उतरव आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे ये.

तुझा,
एक ज्येष्ठ सहप्रवासी